पंपावरचे दोन तास
हृदयशस्त्रक्रियेतल्या ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचा आढावा

आदिलाबादहून हृदयाच्या ऑपरेशनसाठी निघालेल्या रुग्णापुढे साधारण दोन वाटा असतात. महामार्ग ४४ धरून दक्षिणेला निर्मल, कामारेड्डी करत हैदराबाद गाठायचं, नाहीतर पैनगंगा ओलांडून पांढरकवडा, हिंगणघाटवरून नागपूर. बेला-जैनदकडच्या मराठी घरांची सोयरीक नदीपलीकडची, म्हणून काहींचा ओढा नागपूरकडे असतो. २००७ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशात आरोग्यश्री योजना आली आणि हैदराबादची वाट गरिबालाही परवडू लागली. हैदराबादचं निम्स असो की नागपूरचं सुपर स्पेशालिटी हॉस्पिटल, झडप बदलायची असेल, हृदयातलं छिद्र बुजवायचं असेल तर सर्जन नातेवाइकांना एक वाक्य सांगतोच: पेशंटला पंपावर घ्यावं लागेल.

पंप म्हणजे हार्ट-लंग मशीन. शरीरातलं अशुद्ध रक्त नळीने बाहेर काढायचं, ऑक्सिजनेटरमधून फिरवून त्यात प्राणवायू मिसळायचा, कार्बन डायऑक्साइड काढून टाकायचा आणि ते रक्त महाधमनीत परत सोडायचं. तेवढा वेळ हृदय थांबलेलं आणि फुप्फुसं स्वस्थ. या काळात प्राणवायूपासूनच तयार होणारे अतिक्रियाशील रेणू शरीराच्या संरक्षणाला भारी पडतात, त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. या विषयावर गेल्या चाळीस वर्षांत हजारो शोधनिबंध निघाले. हा स्ट्रेस होतो की नाही, यावर आता वाद नाही. तो कमी केल्याने रुग्णाचं भलं होतं का, या प्रश्नापाशी सगळं अडलेलं आहे.

यंत्र आणि रसायन

६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी १८ वर्षांच्या एका मुलीच्या हृदयातलं छिद्र यंत्राच्या आधाराने बुजवलं. ती जगली, पण पुढचे रुग्ण दगावले आणि गिबन यांनी हा मार्ग सोडला. १९५४ मध्ये मिनेसोटात वॉल्टन लिलेहाय यांनी यंत्राऐवजी आई किंवा बाप वापरला: मुलाचं रक्त पालकाच्या शरीरातून फिरवून आणायचं. एका ऑपरेशनमध्ये दोन जीव धोक्यात घालणारी ही पद्धत फार काळ टिकणार नव्हतीच. १९५५ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये जॉन कर्कलिन यांनी गिबनचं यंत्र सुधारून वापरलं, आणि त्याच वर्षी रिचर्ड डीवॉल यांचा बुडबुड्यांचा स्वस्त ऑक्सिजनेटर आला. भारतात यंत्राच्या साहाय्याने ओपन हार्ट शस्त्रक्रिया १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला वेल्लोरला एन. गोपीनाथ यांनी यशस्वी केली. मुंबईत केईएम हॉस्पिटलमध्ये प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये थेट हृदयप्रत्यारोपण केलं. तो रुग्ण काही तासच जगला, पण केप टाउनच्या पहिल्या प्रत्यारोपणाला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते.

या पिढीच्या सर्जनांची चिंता होती रक्तस्राव, गुठळ्या आणि नळीतल्या हवेची. प्राणवायू जास्त होईल, ही भीती कोणाच्या मनात नव्हती. बुडबुड्यांच्या ऑक्सिजनेटरमध्ये वायू आणि रक्त सरळ एकमेकांत मिसळत. रक्तपेशी फुटत, प्रथिनं बिघडत. पुढे मधे पातळ पडदा असलेले मेम्ब्रेन ऑक्सिजनेटर आले आणि हे नुकसान बरंच घटलं. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस कमी करणारी एक मोठी सुधारणा अशी त्या शब्दाचा बोलबाला होण्याआधीच सुरू झाली होती.

रसायनाच्या बाजूने गोष्ट वेगळ्या वाटेने येत होती. १९५४ मध्ये रेबेका गर्शमन यांनी मांडलं की क्ष-किरणांची इजा आणि प्राणवायूची विषबाधा यांच्या मुळाशी एकच यंत्रणा आहे, ती म्हणजे फ्री रॅडिकल. जीवशास्त्रज्ञांनी त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. १९६९ मध्ये ड्यूक विद्यापीठात जो मॅककॉर्ड आणि आयर्विन फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड डिस्म्युटेज हे एन्झाइम दाखवून दिलं, तेव्हा कुठे चित्र पालटलं. ज्या रेणूचा नायनाट करायला शरीराने खास एन्झाइम बाळगलं आहे, तो रेणू शरीरात तयार होत असणारच. १९८५ मध्ये हेल्मुट झीस यांनी ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ ही कल्पना व्यवस्थित मांडली.

इजा नेमकी कुठे होते

पंपावर दोन वेगवेगळ्या गोष्टी घडतात आणि चर्चेत त्या बऱ्याचदा एकमेकींत मिसळल्या जातात.

पहिली साऱ्या शरीराची. रक्त आपल्या नळ्या सोडून प्लास्टिकवरून वाहतं. परक्या पृष्ठभागाला लागताच कॉम्प्लिमेंट नावाची संरक्षक प्रथिनं जागी होतात. कर्कलिन यांच्याच गटाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं होतं की ही जाग जितकी मोठी, तितके ऑपरेशननंतर अवयव जास्त बिघडतात. पांढऱ्या पेशी उद्दीपित होऊन सुपरऑक्साइड सोडतात. पंपाच्या रोलरखाली आणि सक्शनच्या ओढीत लाल पेशी फुटतात; त्यांतलं मोकळं हिमोग्लोबिन आणि लोह या रसायनाला खतपाणी घालतं. यंत्र भरायला लागणाऱ्या लिटर-दीड लिटर द्रवामुळे रक्त पातळ होतं ते वेगळंच.

दुसरी फक्त हृदयाची. महाधमनीला क्लॅम्प लावला की हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा बंद होतो. तास-दीड तासाने क्लॅम्प काढला की रक्त परत येतं, आणि इजेचा मोठा भाग त्या परतण्याच्या पहिल्या काही मिनिटांत होतो. रॉबर्ट जेनिंग्ज यांनी १९६० मध्ये कुत्र्यांच्या हृदयांवर हे दाखवलं. कापसाच्या गंजीत आत धुमसणारी आग वरचा थर उचलून वारा लागला की भडकते, तसं हे. आदिलाबादच्या मार्केट यार्डात काम केलेल्याला जास्त समजावावं लागणार नाही.

हे भडकणं कशामुळे, यावर मतं बदलत गेली. १९८१ मध्ये ग्रेंजर, मॅककॉर्ड आणि सहकाऱ्यांनी मांजराच्या आतड्यावर प्रयोग करून झँथिन ऑक्सिडेज या एन्झाइमवर बोट ठेवलं. सिद्धांत देखणा होता, शिवाय त्याला अडवणारं अॅलोप्युरिनॉल हे गाउटचं स्वस्त औषध हाताशी होतं. पण माणसाच्या हृदयात हे एन्झाइम फारच थोडं सापडतं, आणि तिथे तो सिद्धांत डळमळीत झाला. दुसरा पक्ष पांढऱ्या पेशींना मुख्य मानतो. तिसरा, सध्या सर्वांत जोरकस, मायटोकॉन्ड्रियाचा. २०१४ मध्ये केंब्रिज आणि लंडनच्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं की रक्त बंद असताना पेशीत सक्सिनेट साचतं आणि प्राणवायू परत येताच ते इतक्या वेगाने जळतं की इलेक्ट्रॉन श्वसनसाखळीत उलटे वाहू लागतात, त्यातून सुपरऑक्साइडचा लोंढा येतो. हे काम बहुतांशी उंदरांवरचं आहे. पण इजा ही अंदाधुंद नसून ठराविक वाटेने होते आणि ती वाट अडवता येईल, हा विचार त्यातून पुढे आला. याआधीचे बहुतेक उपाय सरसकट होते.

उपायांचा हिशोब

सर्वांत यशस्वी उपाय अँटिऑक्सिडंट नव्हताच. तो होता हृदय थांबवण्याची रीत सुधारणं. १९५५ मध्ये डेनिस मेलरोज यांनी पोटॅशियम सायट्रेटने हृदय थांबवलं, पण त्या तीव्र द्रावणाने स्नायूच भाजल्यासारखा होई, म्हणून ते मागे पडलं. १९७० च्या दशकात पोटॅशियम सौम्य प्रमाणात परतलं: लंडनमध्ये सेंट थॉमस हॉस्पिटलचं द्रावण, आणि लॉस एंजेलिसमध्ये जेराल्ड बकबर्ग यांचा रक्तमिश्रित कार्डिओप्लेजिया. बकबर्ग यांचं म्हणणं असं की रक्त नुसता प्राणवायू आणत नाही, लाल पेशींतली कॅटॅलेज आणि ग्लुटाथायोन ही संरक्षणंही सोबत आणतं. आज लहान मुलांसाठी काढलेलं डेल निडो द्रावण मोठ्यांतही सर्रास वापरलं जातं, कारण एकच डोस बराच वेळ पुरतो. यांपैकी कोणतं सरस, यावर सर्जनांची मतं अजून आपापल्या गुरुघराण्यानुसार चालतात.

अँटिऑक्सिडंटांची कहाणी वेगळी आहे. अॅलोप्युरिनॉलच्या छोट्या चाचण्या झाल्या, निकाल एकमेकांना काटत गेले. क जीवनसत्त्वाबद्दल आशा जास्त टिकली, विशेषतः ऑपरेशननंतर हृदयाची लय बिघडते त्या त्रासासाठी. २०१३ मध्ये चिलीतल्या संशोधकांनी २०३ रुग्णांत ओमेगा-३, क आणि ई एकत्र देऊन पाहिलं: लय बिघडण्याचं प्रमाण औषध न घेतलेल्यांत ३२ टक्के, घेतलेल्यांत सुमारे १० टक्के. आकडे डोळे दिपवणारे. पण त्याच्या एक वर्ष आधीच ‘ऑपेरा’ या १५१६ रुग्णांच्या चाचणीत एकट्या ओमेगा-३ चा काही उपयोग दिसला नव्हता. दोन्ही गटांत प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास. मग चिलीतला फरक जीवनसत्त्वांचा होता की लहान चाचणीतल्या नशिबाचा भाग? क जीवनसत्त्वाच्या बाजूने बोलणारे म्हणतात, एवढ्या स्वस्त औषधाची मोठी चाचणी करायला कंपनी पुढे येत नाही. विरोधी बाजू म्हणते, लहान चाचण्यांचे गोड निकाल मोठ्या चाचण्यांत विरताना इतक्यांदा पाहिले आहेत की आता नुसत्या बेरजेवर भरवसा नको. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे.

मोठ्या चाचण्यांनी खरोखरच निराशा केली. स्टॅटिनला कोलेस्टेरॉलपलीकडे ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस कमी करण्याचा गुण आहे असं धरून चीनमध्ये १९२२ रुग्णांना रोझुव्हास्टॅटिन दिलं. २०१६ चा निकाल: लय बिघडणं कमी झालं नाही, मूत्रपिंडाचा त्रास मात्र थोडा वाढला. दाह दाबण्यासाठी स्टेरॉइड तर दशकानुदशकं दिलं जात होतं. २०१२ मध्ये सुमारे साडेचार हजार आणि २०१५ मध्ये साडेसात हजार रुग्णांच्या चाचण्यांत त्याने मृत्यू किंवा मोठी गुंतागुंत घटली नाही. दंडावर रक्तदाबाचा पट्टा आवळून-सोडून हृदयाला आधीच सज्ज करण्याची कल्पना तर फारच आकर्षक होती, बिनखर्ची आणि बिनऔषधाची. २०१५ मध्ये ब्रिटन आणि जर्मनीतल्या दोन मोठ्या चाचण्यांनी तिच्यावरही काट मारली.

या अपयशाचा अर्थ लावणारे तीन गट पडतात. पहिल्याचं म्हणणं, औषध चुकीच्या वेळी आणि चुकीच्या जागी पोचलं. सुपरऑक्साइड मायटोकॉन्ड्रियात तयार होतो आणि आपण त्याला रक्तात शोधतो. दुसरा म्हणतो, हे रेणू निव्वळ शत्रू नाहीत. चार्ल्स मरी आणि जेनिंग्ज यांनी १९८६ मध्ये दाखवलं होतं की थोड्या थोड्या वेळाचा रक्तरोध हृदयाला पुढच्या मोठ्या रोधासाठी तयार करतो. या तयारीसाठी थोडे ऑक्सिडंट लागतातच हे पुढे दिसलं. सगळे टिपून टाकले तर निरोपही पुसला जातो. तिसरा गट सर्वांत रोखठोक: ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस हे इजेचं कारण कमी आणि खूण जास्त आहे. मला दुसऱ्या गटाचं म्हणणं पुराव्याच्या जास्त जवळचं वाटतं, पण तिसऱ्याला खोडून काढेल अशी माणसांवरची चाचणी अजून नाही.

मोजायचं कशाने, हाही अडसर आहेच. कित्येक जुने अभ्यास टीबार्स या रंगाच्या चाचणीवर उभे आहेत. ती स्वस्त आहे, पण रक्तातल्या इतर पदार्थांनीही रंगते. १९९० मध्ये अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात सापडलेले एफ-टू आयसोप्रोस्टेन जास्त विश्वासार्ह, पण त्यांना मास स्पेक्ट्रोमीटर लागतो आणि नमुना तत्काळ अतिशीत ठेवावा लागतो, कारण रक्त नळीतसुद्धा ऑक्सिडाइज होत राहतं. मुळात ऑपरेशनच्या दिवशी आकडा वर गेला म्हणजे महिन्याने रुग्णाचं काय, हे त्यातून कळत नाही.

प्राणवायू किती

अलीकडे चर्चा औषधांवरून यंत्राच्या नॉबकडे वळली आहे. साध्या हवेत श्वास घेताना धमनीतल्या प्राणवायूचा दाब ८० ते १०० मिलिमीटर असतो. पंपावर तो सवयीने २०० ते ४०० पर्यंत ठेवला जातो. हाताशी राखीव साठा असावा, हा परफ्यूजनिस्टचा हिशोब. तो चूक म्हणता येत नाही, कारण पंपात काही बिघडलं तर तोच साठा काही सेकंद मिळवून देतो. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या २०१६ मधल्या २९८ रुग्णांच्या चाचणीत प्राणवायू आवरता ठेवल्याने मूत्रपिंडाला फायदा झाला नाही. व्हँडरबिल्टच्या २०२४ मध्ये आलेल्या २०० रुग्णांच्या चाचणीत जास्त प्राणवायू मिळालेल्यांत आयसोप्रोस्टेन वाढले, पण मूत्रपिंड किंवा मेंदूच्या तक्रारी वाढल्या नाहीत. तिसऱ्या गटाला हा निकाल फार आवडावा असाच.

अपवाद निळ्या बाळांचा. ज्या मुलांचं शरीर जन्मापासून कमी प्राणवायूवर जगलं आहे, त्यांना पंपावर एकदम भरपूर प्राणवायू देणं घातक ठरतं, हे बकबर्ग यांच्या गटाने १९९० च्या दशकात प्राण्यांवर आणि नंतर ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी मुलांवर दाखवलं. हळूहळू वाढवत नेणं तिथे शहाणपणाचं, याबद्दल फारसं दुमत नाही.

पंपच नको

मग पंपच टाळला तर? धडधडत्या हृदयावर बायपास करण्याची पद्धत भारतात फार रुजली. त्यात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसची मोजमापं कमी येतात. पण ‘कोरोनरी’ या १९ देशांतल्या ४७५२ रुग्णांच्या चाचणीत, जिच्यात भारतीय रुग्णही होते, पाच वर्षांनी दोन्ही पद्धती बरोबरीत निघाल्या. अमेरिकेतल्या ‘रूबी’ चाचणीत तर पाच वर्षांनी पंपावर केलेल्यांची जगण्याची आकडेवारी थोडी बरी होती. ऑफ-पंपचे कुशल सर्जन म्हणतात की ‘रूबी’तल्या हातांना पुरेसा सराव नव्हता, आणि हा आक्षेप फेटाळण्यासारखा नाही.

पण हा सगळा वाद हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या बायपासपुरता आहे. संधिवाताच्या तापाने खराब झालेली झडप बदलायला हृदय उघडावंच लागतं. काहींना फुग्याने झडप रुंद करून घेता येते, म्हणून ऑपरेशन पुढे ढकललं जातं. ते करायची वेळ आली की पंपाला पर्याय नाही.

लाल पेशीचा प्रश्न

वर आलेल्या मोठ्या चाचण्या बहुतेक युरोप, उत्तर अमेरिका, ऑस्ट्रेलिया, चीन इथल्या रुग्णांवरच्या. गोंड, कोलाम, परधान वस्तीतून येणाऱ्या रुग्णाच्या रक्तात एक गोष्ट असू शकते जी त्या चाचण्यांत जवळपास नव्हती. जिथे शतकानुशतकं हिवताप राहिला त्या मध्य भारताच्या जंगलपट्ट्यात सिकलसेल आणि जी-सिक्स-पीडी एन्झाइमची कमतरता या दोन्ही आनुवंशिक गोष्टी टिकून आहेत. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्येच ‘लॅन्सेट’मधून मध्य भारतातल्या सिकलसेलकडे लक्ष वेधलं होतं. केंद्राने सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू केली.

सिकलसेलची लाल पेशी प्राणवायू कमी झाला, थंडी वाढली, रक्त आम्लीय झालं की कोयत्यासारखी वाकते. पंपावर या तिन्ही गोष्टी घडू शकतात. पेशी फुटली की मोकळं हिमोग्लोबिन रक्तवाहिन्यांतला नायट्रिक ऑक्साइड गिळून टाकतं. उपायाबद्दल दोन मतं आहेत. एक मत, आधी रक्त बदलून सिकल हिमोग्लोबिन ३० टक्क्यांखाली आणा. दुसरं, शरीर थंड करू नका, प्राणवायू आणि आम्लता नीट सांभाळा. विशेषतः नुसते वाहक असलेल्यांना रक्त बदलण्याची गरज नाही. दोन्हींना आधार आहे तो रुग्णांच्या छोट्या-छोट्या मालिकांचा.

जी-सिक्स-पीडीची गोष्ट तर थेट ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचीच. हे एन्झाइम नसेल तर लाल पेशीला ग्लुटाथायोन पुन्हा ताजं करता येत नाही, म्हणजे ऑक्सिडंटांविरुद्धची तिची मुख्य ढालच जाते. जंगलपट्ट्यातल्या डॉक्टरांना ही कमतरता ठाऊक असते ती हिवतापावरच्या प्रायमाक्विनमुळे. हृदयाच्या थिएटरमध्ये तिचं नाव निघेलच असं नाही. जेरुसलेमच्या सर्जनांनी २००३ मध्ये नोंदवलं की अशा रुग्णांत पंपानंतर जास्त पेशी फुटतात, जास्त रक्त द्यावं लागतं आणि ते व्हेंटिलेटरवर जास्त काळ राहतात. शिवाय वर ज्या क जीवनसत्त्वाची स्वस्त म्हणून भलामण झाली, त्याचा शिरेतून दिलेला मोठा डोस या रुग्णांत उलट पेशी फोडू शकतो. पंपानंतर रक्तदाब कोसळला की काही ठिकाणी वापरतात ते मिथिलीन ब्लू तर त्यांना वर्ज्यच. सरसकट सर्वांना अँटिऑक्सिडंट देण्याचा युक्तिवाद या पट्ट्यात आणखी लंगडा पडतो.

नायट्रिक ऑक्साइड देऊन ही हानी भरून काढावी, हा सध्याचा सर्वांत ताजा वाद. चीनमधल्या शीआनमध्ये २४४ झडपरुग्णांवर, त्यांतले बहुतेक संधिवाताच्या तापाचे, नायट्रिक ऑक्साइड दिल्याने मूत्रपिंड बिघडण्याचं प्रमाण ६४ टक्क्यांवरून ५० वर आलं, असं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि नेदरलँड्समधल्या तेराशेहून जास्त मुलांच्या चाचणीत ऑक्सिजनेटरमधून दिलेल्या नायट्रिक ऑक्साइडने काही साधलं नाही. दोन्ही निकाल खरे असू शकतात: पहिल्यात पंपावरचा वेळ मोठा होता, वय आणि आजार वेगळे होते, वायू द्यायची रीत वेगळी होती. आपल्याकडचा झडपरुग्ण पहिल्या चाचणीतल्या रुग्णाशी जास्त मिळताजुळता आहे, पण शीआनच्या रुग्णाकडे गोंडवनातली लाल पेशी नव्हती.

जी-सिक्स-पीडीची प्राथमिक चाचणी कागदावर रक्ताचा थेंब टाकून होते, सिकलसेलची विद्राव्यता चाचणीही साधीच आहे. मात्र दोन्ही रक्त चढवण्याआधी करायला हव्यात. दुसऱ्याचं रक्त अंगात गेलं की दोन-तीन महिने निकाल फसवा येतो, आणि दूरच्या तालुक्यातून खालावलेल्या अवस्थेत आलेल्या ॲनिमियाच्या रुग्णाला मोठ्या शहरात पोचण्याआधीच एखादी बाटली चढवलेली असू शकते. म्हणजे ही तपासणी हैदराबाद किंवा नागपूरला नव्हे, तर आदिलाबाद, उटनूर, आसिफाबाद इथेच, रेफरलची चिठ्ठी लिहिण्याआधी व्हावी लागते.